सिंथिया: सरावाला उत्तम, निष्कर्षांना नाही
मायटर या अमेरिकन ना-नफा संशोधन संस्थेचं सिंथिया हे कृत्रिम रुग्णांच्या आरोग्य-नोंदी तयार करणारं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. रुग्ण कृत्रिम असल्यामुळे नवे संशोधक पहिल्याच दिवशी तक्ते जोडायला बसू शकतात. मशीनवर जावा (सिंथिया चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) हवं. सीएसव्ही (साध्या तक्त्यांच्या फाइल) निर्यात मुळात बंद असते, ती सेटिंगच्या फाइलमध्ये आधी सुरू करा. १००० रुग्ण मागितले तरी रुग्णांच्या तक्त्यात जास्त ओळी येतात, कारण हा आकडा जिवंतांचा, मृत त्याशिवाय. मृत्युदर काढताना गफलत इथेच होते. सगळ्यांना सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) आणि संदर्भ-तारीख (रुग्णांची वयं ज्या दिवसाला धरून मोजायची तो दिवस) एकच द्या, म्हणजे उत्तरं ताडता येतात. पत्ते मॅसॅच्युसेट्सचे येतात, त्यानं बिघडत नाही. खरी उणीव म्हणजे डेटा फारच नेटका: आजार ठरावीक नियमांनी घडवलेले. म्हणून प्रशिक्षकानं मुद्दाम काही तारखा पुसाव्यात, थोड्या ग्लुकोज नोंदींची एककं बदलावीत.