फेगल्स यांचे ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’: दोन्ही खंड एकत्रच घ्यावेत

रॉबर्ट फेगल्स यांनी केलेले प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांचे इंग्रजी अनुवाद, ‘इलियड’ (१९९०) आणि ‘ओडिसी’ (१९९६), पेंग्विनच्या आवृत्तीत सुटे मिळतात. माझा आग्रह असा की दोन्ही घ्यावेत आणि लागोपाठ वाचावेत. कारण शौर्य कशाला म्हणावे आणि मान कशात असतो, याबद्दल ही दोन काव्ये एकमेकांशी वाद घालतात आणि तो वाद येथे एकाच अनुवादकाच्या भाषेत ऐकायला मिळतो.

‘इलियड’चा नववा सर्ग तर सावकाश, मोठ्याने वाचावा. ट्रॉयच्या युद्धात वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रायसिस ग्रीक सेनापती अ‍ॅगमेम्नॉनने हिरावून नेल्यामुळे ग्रीकांचा श्रेष्ठ योद्धा अकिलीस लढाई सोडून बसला आहे. लुटीतला वाटा ही योद्ध्याच्या मानाची चारचौघांत दिसणारी खूण असते. ती काढून घेणे म्हणजे भर सभेत पागोटे उतरवणेच. समजूत घालायला आलेला ओडिसिअस सात तिवया, दहा टॅलेंट (ग्रीकांचे वजनाचे माप) सोने, वीस कढया, बारा घोडे, सात नगरे अशी भरपाईची यादी म्हणून दाखवतो. मात्र ‘त्याने माझ्यापुढे नमावे’ हे अ‍ॅगमेम्नॉनचे शेवटचे बोल तो शिताफीने गाळतो. त्यावर अकिलीस म्हणतो, की पोटात एक आणि ओठांत दुसरे ठेवणारा माणूस मला यमलोकाच्या दाराइतका नकोसा वाटतो. गुरेढोरे लुटून आणता येतात, पण दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला प्राण परत येत नाही, हेही तोच सांगतो. फेगल्स यांच्या ओळींना येथे बोलण्याचा ठेका आहे. संतापाने अडखळणारा, पुन्हा उसळणारा माणूस कानाला जाणवतो.

आता ‘ओडिसी’ उघडावी. पोटातले ओठांवर न आणणे हेच तिच्या नायकाचे, ओडिसिअसचे, शौर्य आहे. विसाव्या सर्गात तो स्वतःच्याच घरी भिकाऱ्याच्या वेशात, ओसरीवर जागा पडला आहे. दासी हसत-खिदळत, त्याच्या पत्नीशी लग्न करायला घरात ठाण मांडलेल्या मागणीदारांकडे निघालेल्या पाहून त्याचे काळीज पिल्लांवर पहारा करणाऱ्या कुत्रीसारखे गुरगुरते, आणि तो छाती बडवून त्याला बजावतो, सोस, याहून वाईट तू सोसले आहेस. अपमान होताच तलवारीला हात घालणारा पहिल्या सर्गातला अकिलीस आठवून हे वाचले, की दोन काव्यांतले अंतर नेमके कळते. तरीही नावाची ओढ ओडिसिअसलाही सुटलेली नाही: ‘कोणीच नाही’ हे नाव सांगून एकडोळ्या राक्षस पॉलिफीमसच्या गुहेतून वाचलेला हा धूर्त माणूस गलबतावरून आपले खरे नाव ओरडून सांगतो आणि त्या राक्षसाचा बाप, समुद्रदेव पोसायडन याचा कोप ओढवून घेतो.

दोन्ही खंडांना बर्नार्ड नॉक्स यांच्या प्रदीर्घ प्रस्तावना आहेत. स्पेनच्या यादवी युद्धात आणि दुसऱ्या महायुद्धात स्वतः लढलेल्या या अभ्यासकाच्या लेखनात रणांगणाची पोकळ स्तुती नाही, म्हणून त्या मला विशेष मोलाच्या वाटतात. समासातले ओळक्रमांक अनुवादाचे असल्यामुळे मूळ ग्रीक संहिता शेजारी ठेवणाऱ्याची थोडी अडचण होते, एवढी उणीव नोंदवतो.

‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात अकिलीस मृतांच्या जगात पुन्हा भेटतो. साऱ्या मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मोलमजुरी करणे बरे, असे तो म्हणतो. पण मुलगा युद्धात गाजला हे ऐकताच लांब लांब ढांगा टाकत, आनंदाने, अ‍ॅस्फोडेल फुलांच्या माळावरून निघून जातो.