आठ महिने यूएसबी स्पेक्ट्रोमीटर: दिव्याच्या टोकाशी नेमकं काय दिसतं

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी फिजिक्स शिकवतो. भाऊबीजेनंतर मंडईचा (म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेचा) आणि नाटकांचा हंगाम सुरू झाला, की स्टेजवाल्यांचे ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे दुरुस्तीच्या नावाखाली माझ्याकडे येतात. इलेक्ट्रोडवरचा एमिटर, म्हणजे इलेक्ट्रॉन सहज सुटावेत म्हणून टंगस्टनला दिलेली जोड, कसा झिजतो ते पाहायचं म्हणून नोव्हेंबरात मुठीत मावणारा स्पेक्ट्रोमीटर घेतला. हे यंत्र उजेड रंगांत फोडतं, आणि कुठल्या रंगाची रेषा चमकते त्यावरून मूलद्रव्य ओळखता येतं. जून लागलाय, आता बोलायला हरकत नाही.

जोडणी साधी आहे. भिंगानं आर्कची, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या झगझगीत ठिणगीची, चौपट मोठी प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची, पुठ्ठ्याला मिलिमीटरभर भोक, मागे उजेड यंत्राकडे नेणारं फायबर. पुठ्ठा सरकवत इलेक्ट्रोडपासून मध्यापर्यंत यायचं. बाहेरची काच फुटलेला दिवा पेटवायचा नाही, अतिनील किरणं डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.

पहिली फजिती ग्रामपंचायतीच्या जुन्या सोडियम दिव्यांनी केली. त्यांची आतली नळी अॅल्युमिनाची, दुधाळ. उजेड बाहेर येतो, पण चित्र येत नाही. इलेक्ट्रोडचा नुसता धूसर ठिपका. त्यात एमिटरमधल्या बेरियमची ४९३.४ नॅनोमीटरची रेषा सोडियमच्या ४९८ च्या शेजारी. दाबानं सोडियमच्या रेषा फुगतात आणि माझ्या यंत्राची बारकाई जेमतेम २ नॅनोमीटर. पेटल्यावर पहिला मिनिटभर, दाब वाढायच्या आत, ५५३.५ ला (हीही बेरियमचीच रेषा) बारीकसा उंचवटा दिसल्यासारखा वाटला. त्यावर मी पैज लावणार नाही.

मेटल हॅलाइडची नळी क्वार्ट्झची, पारदर्शक; आत पारा आणि सोडियमसारख्या धातूंचे क्षार. इथं मजा आली. उभ्या दिव्यात खालच्या इलेक्ट्रोडजवळ ५८९ चा सोडियम जोरात, वरच्याजवळ पाऱ्याच्या ५४६.१ आणि ४३५.८ या रेषा वरचढ. मी वहीत लिहून टाकलं, ‘खालचा इलेक्ट्रोड जास्त झिजतोय.’ दोन आठवडे तेच धरून बसलो. मग दिवा थंड करून उलटा लावला (कोणत्याही स्थितीत चालणारा होता म्हणून), चार तास जळू दिला. सोडियम पुन्हा खालीच! इलेक्ट्रोडचा काही दोष नव्हता. आतल्या वायूच्या प्रवाहामुळे आणि विसरणामुळे उभ्या आर्कमध्ये धातूची वाफ खालच्या भागात जास्त साचते. वहीतलं ते पान अजून तसंच ठेवलंय.

दुसरी गोष्ट विकणाऱ्यानं सांगितली नव्हती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोड १० मिलिसेकंद कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा), पुढचे १० अॅनोड (झेलणारा). एमिटरचं खरं काम कॅथोडच्या पाळीत. हे यंत्र दोन्ही पाळ्यांची सरासरी दाखवतं. शिवाय चमकतात ते उत्तेजित अणू. रेषा दुप्पट उजळ म्हणजे माल दुप्पट असं नाही, तापमान थोडं वाढलं तरी ती उजळते. न चमकणारे अणू मोजायला शोषण किंवा लेसर लागतो. अमेरिकेत आर्गोन प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या अवाढव्य यंत्रावर) तर एक्स-रे घालून मोजलंय. आपला पुठ्ठा आणि भिंग तिथवर पोचत नाही.

स्टेजच्या लाईटवाल्या भाऊंनी विचारलं, “सर, हे पाहून लॅम्प कवा जाईल थे सांगते का जी?” नाही सांगत. त्यांचा दिवा ऐन प्रवेशात विझायचा आणि पुन्हा पेटायला दहा मिनिटं घ्यायचा. मल्टीमीटर लावला तर उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले, की फीडरचा व्होल्टेज कोसळायचा. नळीची टोकं काळी झालेली नव्हती, दिवा धडधाकट होता.

यंत्राबद्दल तक्रार एकच. मे महिन्यात वर्ग तापला तसा ५४६.१ चा आकडा जवळजवळ १ नॅनोमीटरनं सरकला. आता दर वेळी आधी सीएफएलच्या पाऱ्याच्या रेषांवर जुळवून घेतो. सॉफ्टवेअर आलेखाची उंची आपोआप बदलतं, ते पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर दोन नोंदींची तुलनाच होत नाही.

बारावीच्या पोरांना रेषा दाखवायला पैसे वसूल. एमिटर मोजायला घेत असाल तर घेऊ नका.