ऑइलर्सच्या गेम सेव्हनच्या सकाळी माझ्या कार्डावरून 61,799 रुपये गेले, परदेशातून आइस हॉकी बघणाऱ्यांनी वाचा

हे 2024 चं आहे पण मॅचचं चोरलेलं प्रक्षेपण विकणारे लोक अजून तेच करतायत म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही नऊ वर्षं कॅनडात एडमंटनला होतो, मिल वुड्समधे. 2022 ला पुण्यात परत आलो तेव्हा लेक दहा वर्षांचा होता आणि त्याला शाळा सुटल्याचं, बर्फ सुटल्याचं इतकं वाटलं नाही जितकं ऑइलर्स, म्हणजे एनएचएल या आइस हॉकी लीगमधली एडमंटनची टीम, सुटल्याचं वाटलं. ज्यांची मुलं तिकडे वाढलीत त्यांना कळेल. तिथल्या चॅनलचं ॲप इकडे उघडत नाही, कारण कॅनडाचे हक्क फक्त कॅनडापुरते विकलेले असतात आणि ॲप आयपी ॲड्रेस बघून कळवतं की तुमच्या देशात उपलब्ध नाही. हे काही नवीन नव्हतं, एडमंटनमधे असताना सुद्धा टोरंटोच्या काही मॅच ब्लॅकआउट असायच्या, म्हणजे आमच्या भागात दाखवायच्या नाहीत, प्रत्येक टीमचा आपला इलाखा असतो. पण इथे तर आमचीच टीम आमच्यासाठी बाहेरची झाली.

2023-24 चा सीझन आठवा. नोव्हेंबरमधे कोच बदलला, मग डिसेंबर-जानेवारीत सलग 16 मॅच जिंकल्या, विक्रम 17 चा आहे पिट्सबर्गचा, आणि लेक रोज सकाळी फक्त स्कोअर बघून शाळेत जायचा. त्याच दिवसांत परदेशातून परत आलेल्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी एका विक्रेत्याचा नंबर टाकला. सीझनचे 3,200 रुपये, सगळ्या टीम, ब्लॅकआउट नाही, 24 तास ट्रायल फुकट. ट्रायलला चित्र एकदम स्वच्छ. मी यूपीआयने पैसे पाठवले, नाव आलं कुणातरी तिसऱ्याच माणसाचं, मी विचारलं तर म्हणाला "मॅडम हे आमच्या अकाउंटंटचं आहे". बिल मागितलं तर स्क्रीनशॉटच ठेवा म्हणाला. इथेच थांबायला हवं होतं, पण त्या आठवड्यात घरात इतका आनंद होता की मी पुढे काही विचारलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर चार-पाच महिने ते चाललं. यातच खरी मेख आहे. साध्या मंगळवारच्या मॅचला लोक कमी असतात, चोरलेलं एकच फीड शेकडो लोकांना विकलेलं असलं तरी निभतं, अधूनमधून अडकायचं तेवढंच. एडमंटनची घरची मॅच आपल्याकडे थंडीत सकाळी साडेसातला, मार्चमधे तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेसहाला, शनिवार-रविवारी आम्ही चहा घेऊन बसायचो. त्याच्यावर माझा विश्वास बसला तो असा, सवयीने.

मग फायनल, फ्लोरिडा पँथर्सशी. पहिल्या तीन मॅच हरलो, चौथी 8-1 ने जिंकलो, मग पाचवी, मग सहावी, 3-3. फायनलमधे 0-3 वरून येऊन कप जिंकलेली टीम आजवर एकच, 1942 ची टोरंटो. गेम सेव्हन, म्हणजे सातवी आणि निर्णायक मॅच, आपल्याकडे 25 जूनला पहाटे साडेपाचला. आदल्या रात्री अकराला त्या विक्रेत्याचा मेसेज, की कारवाईमुळे सर्व्हर बदललाय, जुनं ॲप सकाळी बंद होईल, हे नवीन एपीके (प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल) टाका आणि कार्डने 49 रुपये भरून ॲक्टिव्हेट करा, यूपीआय आज चालत नाहीये. मी म्हटलं सकाळी बघू. पाचला उठून लावलं तर जुनं खरंच बंद. लेक जर्सी घालून सोफ्यावर बसलेला. मी घाईत माझ्या फोनवर ते एपीके टाकलं, त्याने मेसेज वाचायची आणि मेसेजचं मुख्य ॲप व्हायची परवानगी मागितली, मी "अलाऊ" "अलाऊ" करत गेले. हॉकी दाखवणाऱ्या ॲपला माझे एसएमएस कशाला लागतात हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, कारण घड्याळात पाच चोवीस झाले होते. कार्डाचे सगळे आकडे भरले, ओटीपी टाकला, आणि स्क्रीनवर चाक फिरत राहिलं.

मॅच काही दिसली नाही. शेवटी मिल वुड्सच्या आमच्या जुन्या शेजारच्या काकूंनी व्हिडिओ कॉल करून फोन त्यांच्या टीव्हीसमोर धरला, त्यात आम्ही दुसरा पिरियड बघितला, फ्लोरिडाच्या राइनहार्टचा गोल तसाच धूसर बघितला, 2-1 ने हरलो. लेक रडला. त्याला जवळ घेऊन बसले होते म्हणून फोन हातात नव्हता. आठ वाजता ईमेल उघडलं तर बँकेचे तीन अलर्ट, 19,999, 24,500 आणि 17,300. एसएमएस एकही दिसला नाही, त्या ॲपने ओटीपी परस्पर पुढे पाठवले होते आणि मला नोटिफिकेशन सुद्धा वाजू दिलं नाही.

कार्ड लगेच ब्लॉक केलं, मग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. हे तासाभरात केलं म्हणून 17,300 एका वॉलेटमधे अडकवता आले आणि दोन महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे 44,499 गेले. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे की चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही, पण माहिती तुम्हीच दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आधी मेसेज करून विक्रेत्याशी भांडत बसू नका, तो मुद्दाम "रिफंड प्रोसेसमधे आहे" म्हणत वेळ काढतो, माझी तिथे वीस मिनिटं गेली. आणि फोन रीसेट करा, नुसतं ॲप काढून भागत नाही, मला ते पोलिसांनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

एक अजून. तक्रारीनंतर आठवड्याने एकाचा फोन आला, तुमचे पैसे काढून देतो, आधी दहा टक्के फी. त्याला माझी रक्कम रुपयापर्यंत माहीत होती. मी कट केला.

लीगच्या स्वतःच्या वेबसाइटवर कुठल्या देशात कोण दाखवतं त्याची यादी असते, ती मी आयुष्यात पहिल्यांदा जुलैमधे उघडली. आता सीझन सुरू व्हायच्या आधी तीच बघते, जिथे दिसत नाही तिथे लीगच्या यूट्यूब चॅनलवर मॅचनंतर हायलाइट्स येतात, लेक संध्याकाळपर्यंत स्कोअर न बघता थांबतो आणि मग बघतो. ते चोरलेलं फीड होतं हे त्याला मी स्वतः बसवून सांगितलं, त्याने विचारलं की मग आपण पैसे कुणाला देत होतो, टीमला जात नव्हते का. नाही म्हटलं.

ऑक्टोबरमधे नवीन नंबरवरून मेसेज आला, मजकूर शब्द न् शब्द तोच, नाव वेगळं, सीझनचे 2,900, ट्रायल 24 तास. तो नंबर मी जुन्या तक्रारीत जोडून दिलाय आणि ज्या ग्रुपवर पहिला नंबर आला होता तिथेही टाकलाय.