कान गेले ते गेलेच, वर "वयामुळे" असं लिहून घेतलं

पत्रा मारायच्या प्रेसवर सतरा वर्षं काढली मी. तिथे शेजारच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, आणि आम्हाला त्याचं काहीच वाटायचं नाही. घरी टीव्हीचा आवाज वाढत गेला, फोनवर "काय? काय?" सुरू झालं, पोरगी बोलली की नुसता पुटपुटल्यासारखा आवाज. शिट्टी वाजल्यासारखं तर रात्रंदिवस, अजूनही वाजते.

एचआरवाल्याला सांगितलं तर माणूस एकदम गोड झाला. म्हणे आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा, फक्त मशीनचं काही बोलू नको, कामामुळे झालं असं लिहिलं तर मेडिक्लेम पास होत नाही, खर्च तुझ्याच अंगावर पडेल. मला वाटलं आपल्या भल्याचंच सांगतोय. डॉक्टरने विचारलं काय करता, मी म्हटलं नोकरी. संपलं. कागदावर आलं "वयोमानानुसार श्रवणदोष". तेव्हा वय माझं ४४!

खरी फसवणूक इथेच झाली, बाकी सगळं याच्यावर रचलं. कामामुळे झालेल्या आजाराच्या भरपाईत, चूक मालकाची की कामगाराची हा वाद सहसा नसतोच, आजार कामामुळे झाला का एवढंच बघतात. आणि ते बघायला सगळ्यात आधी पहिला डॉक्टरी कागद काढतात. तोच मी माझ्या तोंडाने बिघडवला.

मग चार महिन्यांनी केबिनमध्ये बोलावलं, तुला त्रास होतोय, घरी आराम कर, कंपनी माणुसकी म्हणून काहीतरी देईल, इथे आणि इथे सही कर. तीन पानं इंग्रजीत, मी वाचायला घेतली तर म्हणतो अहो सगळ्यांचं हेच असतं. नंतर भाच्याने वाचून दाखवलं, त्यात स्वेच्छेने राजीनामा आणि "मला कामाशी संबंधित कोणताही आजार नाही, पुढे कसलाही दावा करणार नाही" असं होतं. माणुसकीचे पैसे म्हणजे माझाच राहिलेला पगार आणि रजेचे पैसे, हिशोब जुळवून बघितला तेव्हा कळलं.

कानाच्या दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा ग्राफ काढला आणि पहिलाच प्रश्न, आवाजात काम करता का? ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक चिरक्या आवाजाला, खोल खड्डा आणि ८००० ला रेघ परत वर. वयाने जाणाऱ्या कानात रेघ शेवटपर्यंत खालीच जाते म्हणाल्या, आवाजाने गेलेल्यात असा खड्डा दिसतो. आठ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आमच्या प्रेसचं काय असेल देव जाणे, आम्हाला कधी आकडा दाखवलाच नाही.

गंमत पुढे आहे. दरवर्षी कंपनी कानाची टेस्ट करायची, सही घ्यायची, रिपोर्ट कधी हातात नाही. वकिलाने ते मागितले तर कंपनीचं उत्तर काय, तर त्या टेस्ट भर शिफ्टमध्ये घेतल्यात, आवाजातून नुकतंच उठलेल्याच्या कानाची रीडिंग धरता येत नाही! नीट टेस्टला आधी १४ तास शांतता लागते हे त्यांना आत्ता आठवलं, सतरा वर्षं काय करत होते? आणि इअरप्लगच्या रजिस्टरमध्ये माझ्या सह्या भरभरून आहेत. प्लग मिळाले दोनदा.

वकील म्हणतात तो राजीनाम्याचा कागद अगदी दगडावरची रेघ नाही, भरपाईचा हक्क सोडला असं खाजगीत लिहून घेतलं तर बऱ्याच कायद्यांत ते टिकत नाही. मुदतीचंही तसंच, हळूहळू होणाऱ्या आजारात बऱ्याच ठिकाणी ती "हे कामामुळे झालं" हे कळल्यापासून मोजतात, म्हणून बाईंच्या कागदावरची तारीख आता माझ्यासाठी सोन्याची झालीय. पण "वयोमानानुसार" वाला कागद दर तारखेला समोर येतोच.

प्रेसवर अजून आहेत त्यांना एवढंच, डॉक्टरला पहिल्या दिवशीच मशीन, तास, वर्षं सगळं सांगा आणि लिहून घ्या, टेस्टचा रिपोर्ट लेखी मागा आणि मागितल्याची पोच ठेवा. माझ्या जागेवर आता २३ वर्षांचा पोरगा उभा राहतो, परवा भेटला तर त्याचं बोलणं मला ऐकू येईना, आणि तोही दोनदा "काय?" म्हणाला.