फुकटची परवानगी मी ६३,२४० रुपयांना घेतली

चोपड्यात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे आणि रात्री शटर ओढल्यावर मी शेतीच्या एका परदेशी व्हिडिओ गेमचे चित्रण यूट्यूबवर टाकतो. पडद्यावर युरोपातल्या गव्हाच्या शेतात ट्रॅक्टर फिरत असतो आणि त्यावर माझे बोलणे चाललेले असते अहिराणीत. यावल-रावेरकडची केळीवाली मंडळी ते आवडीने पाहतात, चुका काढतात, पेरा असा नसतो म्हणून सुनावतात. एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण, ही जाहिरातीचे पैसे मिळण्याची अट पूर्ण करायला मला अडीच वर्षे लागली. जाहिरातीचे पैसे ज्यातून मिळतात त्या गूगलच्या ॲडसेन्स सेवेचा पिन पोस्टाने आला, तेव्हा आईने ते पाकीट दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवले होते.

या चॅनेलमधून महिन्याला चार-साडेचार हजार रुपये मिळतात. एवढीच मिळकत असणारा माणूस त्रेसष्ट हजार रुपये देऊन कसा बसला, असे वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून घडले तसे क्रमाने लिहितो.

गेल्या वर्षी चैत्रात माझ्या एका व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला. दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि पुढचे सगळे रामायण त्या अज्ञानातून घडले. दावा बहुतेक वेळा कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आपोआप लावते. मालकाने आधी जमा केलेल्या गाण्याशी किंवा चित्राशी आपल्या व्हिडिओचा तुकडा जुळला की त्या व्हिडिओचे उत्पन्न मालकाकडे वळू शकते, पण चॅनेलला त्याने धक्का लागत नाही. स्ट्राइक ही मालकाने स्वतः अर्ज भरून केलेली कायदेशीर तक्रार असते. तिने व्हिडिओ काढला जातो आणि नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक झाले तर चॅनेलच बंद होऊ शकते. मी दावा पाहिला आणि स्ट्राइक समजून हबकलो. चॅनेल सांभाळण्याच्या यूट्यूब स्टुडिओ या पानावर ‘तपशील पाहा’ एवढे दाबले असते, तरी दावा गेमच्या कंपनीचा नसून एका संगीत कंपनीचा आहे आणि तो फक्त १४ मिनिटे २० सेकंदांपासून पुढच्या पावणेदोन मिनिटांवर आहे, हे तिथे लिहिलेले होते. ट्रॅक्टरच्या रेडिओवर तेवढा वेळ एक गाणे वाजत होते. ते मी दाबले नाही. उलट, लाल खुणेचा स्क्रीनशॉट काढून टेलिग्रामवरच्या एका गटात टाकला आणि कोणी मदत करील का म्हणून विचारले.

तासाभरात एका माणसाचा फोन आला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मला ‘सर’ म्हणाला. आमच्याकडे अनोळखी माणूसही दुसऱ्या वाक्याला ‘भो’ म्हणतो, त्यामुळे त्या ‘सर’चे माझ्यावर नको तेवढे वजन पडले. आपण परदेशी गेम कंपन्यांचे भारतातील हक्क-प्रतिनिधी आहोत, असे त्याने सांगितले आणि मग जे सांगितले ते बहुतांश खरे होते. गेमचे चित्र, आवाज आणि संगीत यांवर कंपनीचा हक्क असतो, हे खरे. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने २०१३ मध्ये आपल्या गेमच्या व्हिडिओंवरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवायला सुरुवात केली होती, २०१५ मध्ये नोंदणीची योजना काढून व्हिडिओमागे ६० आणि संपूर्ण चॅनेल नोंदवल्यास ७० टक्के वाटा चित्रणकर्त्याला देऊ केला होता, हेही खरे. एका नामांकित यूट्यूबरने थेट प्रक्षेपणात वर्णद्वेषी शब्द वापरला म्हणून ‘फायरवॉच’ गेमच्या निर्मात्यांनी २०१७ मध्ये त्याचा व्हिडिओ कॉपीराइटच्या तक्रारीने काढायला लावला, हा किस्सा तर त्याने रंगवून सांगितला. निन्टेन्डोची ती योजना २०१८ अखेर बंद झाली आणि त्यानंतर ठरावीक अटींत, स्वतःचे काही भाष्य वा कल्पकता असलेल्या व्हिडिओंना तिने नोंदणीविना मोकळीक दिली, हे मात्र त्याने सांगितले नाही. आजवर मला भेटलेल्या खोटारड्या माणसांपैकी एवढे खरे बोलणारा दुसरा आठवत नाही.

वर्षाच्या ‘व्यावसायिक चित्रण परवान्या’चे १८,००० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे २१,२४० रुपये त्याने यूपीआयने मागितले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘सर, अकाउंटंटचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. मी स्वतः दुकानदार आहे. गिऱ्हाइकाने असे काही सांगितले असते तर मी कीबोर्डसुद्धा दिला नसता.

त्याने पाठवलेला परवाना छान होता. वर कंपनीचे चिन्ह, खाली शिक्का, मध्ये १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची कलमे. सोबत त्याने इंग्रजीत एक मजकूर दिला आणि दाव्याला आक्षेप घेऊन तो तिथे चिकटवायला सांगितले. बरोबर तीस दिवसांनी दावा उठला आणि अडकलेले पैसे मला मिळाले. मी त्याला फोन करून आभार मानले. वास्तविक अशा आक्षेपाला उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस असतात आणि त्याने उत्तर दिले नाही तर दावा आपोआप गळून पडतो. आक्षेप पाच दिवसांच्या आत घेतला असेल तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न राखून ठेवलेले असते. संगीत कंपनीने उत्तर दिले नाही, एवढेच घडले होते. पाऊस पडला आणि भगताने दक्षिणा घेतली, तशातली गत.

ते दिवस आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे होते. बहिणी माहेरी आल्या होत्या, घरात खापरावर मांडे चालले होते आणि मी सगळ्यांना सांगत होतो की आता आपले चॅनेल कायदेशीर झाले. खानदेशात आखाजीला पत्ते कुटायची जुनी रीत आहे. त्या डावात हरलो असतो तर समोर कोण बसले आहे ते निदान दिसले असते.

पुढे त्याने चॅनेलचे व्यवस्थापक-अधिकार मागितले, म्हणजे ‘कंपनीला थेट तपासता येईल’. मी द्यायला बसलो होतो, पण त्या दुपारी वीज गेली ती रात्री आली आणि तोवर विषय मागे पडला. शहाणपणाने नव्हे, अंधाराने चॅनेल वाचले. अधिकार गेले असते तर हे लिहायला चॅनेल उरले नसते.

ज्येष्ठात एका आठवड्यात दोन स्ट्राइक आले, या वेळी खरोखरचे. तक्रारदार म्हणून गेम कंपनीचे नाव होते. घाबरून त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, की माझा परवाना ‘मूळ श्रेणी’चा आहे, कंपनीने नियम बदलले आहेत आणि बेचाळीस हजारांची ‘पूर्ण श्रेणी’ घेतली नाही तर तिसरा स्ट्राइक उद्या येईल. चारशेच्या वर व्हिडिओ, चार वर्षांच्या रात्री, हे सगळे एका सकाळी जाणार असे दिसू लागल्यावर माणूस महिन्याची मिळकत मोजत बसत नाही. रविवारी रात्री पावणेदहाला मी बेचाळीस हजार रुपये पाठवले. दहा वाजून पाच मिनिटांनी यूट्यूबचा ईमेल आला, की दोनपैकी एक तक्रार मागे घेण्यात आली आहे.

माझे चुलते, ज्यांना आम्ही जिभाऊ म्हणतो, त्यांचे एक वकील मित्र अमळनेरला असतात. दुसऱ्या दिवशी परवाना खरा धरूनच मी त्यांच्याकडे गेलो. दुसरा स्ट्राइक कसा उठवावा एवढेच विचारायचे होते. त्यांनी सगळे ऐकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, “अरे भो, परदेशातली कंपनी रविवारी रात्री वीस मिनिटांत तक्रार मागे घेते? आपल्याकडे सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात?” मग त्यांनी पावती मागितली आणि तिच्यावरच्या जीएसटी क्रमांकाची अक्षरे पेनाच्या टोकाने एकेक करून मोजली. चौदा भरली. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. रोज अशी बिले हाताळणाऱ्या मला ते मोजावेसे वाटले नव्हते.

नंतर स्ट्राइकचा ईमेल मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. तक्रारदाराचा पत्ता जीमेलचा होता. कंपनीचे नाव, मध्ये एक टिंब, पुढे ‘लीगल’. मग कंपनीचे खरे संकेतस्थळ उघडले. तळाशी व्हिडिओंविषयीचे पान होते आणि त्यात पाच ओळींत लिहिले होते, की आमच्या गेमचे चित्रण करून यूट्यूबवर जाहिरातींसह दाखवण्यास आमची हरकत नाही, वेगळी परवानगी लागत नाही, त्यातील संगीताची जबाबदारी मात्र तुमची. ते पान मी चार-पाच वेळा वाचले. गेमचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या कंपनीचा यात काहीच दोष नव्हता. मी फसलो होतो, तसा तिच्याही नावाचा गैरवापर झाला होता.

असे करणारा हा पहिला नव्हे. २०१९ मध्ये यूट्यूबने अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या एका माणसावर खटला भरला. तो माइनक्राफ्ट या गेमचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर खोट्या तक्रारी करून त्या मागे घेण्यासाठी पेपॅलने १५० डॉलर किंवा बिटकॉइनमध्ये ७५ डॉलर मागत असे, आणि ते प्रकरण २५,००० डॉलर भरण्याच्या तडजोडीवर मिटले. २०२२ मध्ये ‘डेस्टिनी २’ची निर्माती बंजी हिच्या हक्क-प्रतिनिधीच्या नावासारखे जीमेल खाते काढून कोणीतरी तक्रारींचा सपाटा लावला, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या चॅनेलवरचे व्हिडिओदेखील उडाले आणि तिला न्यायालयात जावे लागले. हे दोन्ही मला शोधायला दहा मिनिटे लागली, तीही पैसे गेल्यावर.

वकिलांच्या सल्ल्याने उरलेल्या स्ट्राइकविरुद्ध मी प्रतिसूचना, म्हणजे तक्रार चुकीची असल्याचे यूट्यूबला कळवणारा अर्ज, दाखल केली. तिच्यात आपले खरे नाव, पत्ता आणि फोन द्यावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो, हे लक्षात ठेवावे; काही भामटे तेवढ्यासाठीच खोटी तक्रार करतात. माझा पत्ता त्याच्याकडे परवान्यावर आधीच होता, म्हणून मी कचरलो नाही. तक्रारदाराने कामकाजाच्या दहा दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. माझा आला. खोट्या धमकीविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आपल्या कॉपीराइट कायद्याच्या साठाव्या कलमात आहे, पण दाद मागायला समोर माणूस तर सापडायला हवा.

पैसे मात्र मी उशीर करून हातचे घालवले. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लगेच लावला तर पुढच्या खात्यांत पोहोचलेली रक्कम थांबवता येते. मी लाजेने तीन दिवस घालवले. ‘आते काय करशी?’ असे आईने विचारल्यावर, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, फोन केला आणि नंतर जळगावला जाऊन लेखी तक्रार दिली. एकूण ६३,२४० पैकी ११,४०० रुपये एका खात्यात गोठले आहेत आणि ते परत मिळावेत म्हणून न्यायालयात अर्ज केला आहे. ज्या नावाला तो ‘अकाउंटंट’ म्हणाला होता, ते परराज्यातल्या एका महाविद्यालयीन मुलाचे निघाले. त्याने आपले बँक खाते आणि सिमकार्ड महिन्याला तीन हजार रुपयांवर कोणाला तरी भाड्याने दिले होते, आणि ज्याला दिले त्याला त्यानेही कधी पाहिलेले नाही.