नवे कोरे, टॅबसहित

घरच्या घरी बॅटरी पॅक बांधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. सायकलचा पॅक असो, राउटरच्या बॅकअपचा असो, नाहीतर बंद पडलेल्या ड्रिल मशीनचा. १८६५० सेल, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे दंडगोल लिथियम सेल, ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. मला ४० जुने सेल नवे म्हणून विकले गेले. ८,४०० रुपये गेले आणि अजून परत आलेले नाहीत. पैशाचं दुःख आहेच, पण सांगायची आहे ती विकणाऱ्याची पद्धत. आपण हौशी मंडळी कोणत्या तपासण्या करतो आणि कोणत्या टाळतो, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

मी पुण्यात राहते. नोकरी हिशेबाची, हौस हत्यारांची. ड्राय बाल्कनीत एक फळी, एक व्हाइस, सोल्डरिंग स्टेशन आणि सेलला धातूच्या पट्ट्या जोडणारं छोटं स्पॉट वेल्डर एवढाच माझा कारखाना. बाबा अजून सायकलवर फिरतात, पण तळजाईचा चढ आता त्यांना झेपत नाही. म्हणून त्यांच्या सायकलला ३६ व्होल्टची, २५० वॅटची हब मोटर, म्हणजे चाकातच बसणारी मोटर, बसवायची ठरवली. मोटर या मर्यादेत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की नोंदणी, लायसन्स काही लागत नाही. बॅटरीसाठी १० सेल सिरीजमध्ये आणि असे ४ पॅरलल, म्हणजे ४० सेल. प्रत्येक २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-अवर, सेलच्या क्षमतेचं माप) धरला तर पॅक साधारण १० अँपिअर-अवरचा होतो. बाबांच्या मंडईच्या फेऱ्यांना पुरून उरेल एवढा.

विकणाऱ्याचं सोशल मीडियावर पान होतं. भाव एका सेलला २१० रुपये. नामांकित कोरियन कंपनीचा सेल दुकानात घेतला तर तीनशेच्या आसपास पडत होता. म्हणजे स्वस्त, पण संशय यावा इतका स्वस्त नाही. निम्म्या भावात दिला असता तर मीच पाठ फिरवली असती. शिवाय या गृहस्थाने नकली सेल कसे ओळखावेत यावर स्वतःच व्हिडिओ टाकलेले होते. ९९०० एमएएच छापलेला सेल हातात धरून तो बजावून सांगत होता, की १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या डब्यात एवढी क्षमता मावूच शकत नाही, या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची मजल ३६०० ते ४००० च्या आसपास संपते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या घरात भरतो, हा बघा किती हलका. काट्यावर ठेवून दाखवायचा. सगळं शंभर टक्के खरं. आणि त्याचा माल नेमका याच कसोट्यांना उतरणारा होता. चोराने वाड्याच्या मालकाला कुलूप कसं लावावं ते शिकवावं, तसला प्रकार.

पैसे देताना तीन गोष्टी घडल्या. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल, मॅडम. बहुतेक लोक घेत नाहीत." यूपीआयवर नाव आलं ते पानाच्या नावाशी जुळत नव्हतं, कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. आणि माल परत घेण्याची अट होती ४८ तासांची, तीही पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच. ही शेवटची अट मला तेव्हा चोख धंद्याची खूण वाटली होती.

पार्सल नीटनेटकं आलं. खाकी खोका, आत पुठ्ठ्याचे कप्पे, प्रत्येक सेलवर कंपनीचं नाव छापलेलं आवरण. वर सौजन्य म्हणून दोन्ही टोकांना निकेलच्या छोट्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेल्या. "टॅबसहित देतो, तुमचं काम सोपं होतं." मी वजन केलं, सगळे ४४ ते ४६ ग्रॅम. मल्टीमीटर लावला, सगळे ३.६ व्होल्टच्या आसपास. नवे सेल कारखान्यातून अर्धवट चार्ज होऊनच येतात आणि एका लॉटमधले सेल जवळजवळ सारखंच व्होल्टेज दाखवतात, तेव्हा हेही अगदी बरोबर होतं. व्हिडिओ काढला, त्याला "माल मिळाला, छान आहे" असं कळवूनही टाकलं.

आता गणित बघा. सेलची खरी क्षमता कळायला तो ४.२ व्होल्टपर्यंत भरावा लागतो आणि मग ठरावीक करंटने रिकामा करत मोजावं लागतं. २६०० एमएएचचा सेल अर्ध्या अँपिअरने रिकामा करायला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. त्याआधी भरायचे काही तास वेगळे. माझ्या चार्जरला चार खण. ४० सेल म्हणजे दहा पाळ्या. नोकरी, स्वयंपाक, झोप सगळं सोडून चार्जरपुढे बसले असते तरी ४८ तासांत ते झालं नसतं. ही मुदत उगाच ठरवलेली नव्हती.

पहिल्या पाळीतच सेल चार्ज होताना कोमट न राहता चांगले तापू लागले. आकडे आले ते १३२०, ११८०, १२४० आणि एक चक्क ६४०. चार्जरच बिघडला असेल असं आधी वाटलं, म्हणून माझ्या जुन्या टॉर्चमधला सेल लावून पाहिला. तो व्यवस्थित २४०० च्या वर गेला.

मग सेलची पिशवी घेऊन पासोड्या विठोबापाशी गेले. बुधवार पेठेतल्या त्या गल्ल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकाला एक लागून आहेत. एका दुकानात बॅटरीचं काम करणारे काका बसतात. त्यांनी सेल हातात घेतला, पण मीटरकडे नंतर वळले, आधी टोकाकडे पाहिलं.

"ताई, ही टॅब कुणी लावली?"

"विकणाऱ्यानेच लावून दिली."

"का लावून दिली असेल?"

त्यांनी पक्कडीने पट्टी अलगद सोलली. खाली ऋण टोकावर जुन्या वेल्डचे बारीक खड्डे होते, वरून पॉलिश पेपर मारलेला. नवीन वेल्डचे ठिपके वेगळे, ते जुने वेगळे. मग ब्लेडने आवरण कापलं. आत डब्यावर ओरखडे, चिकट डाग आणि एका कडेला गंज. शेवटी इंटरनल रेझिस्टन्सचा, म्हणजे सेलच्या आतल्या विरोधाचा मीटर लावला; सेल थकत जातो तसा हा आकडा वाढतो. त्यांच्या शोकेसमधला नवा सेल चाळीस मिलिओहमच्या आत दाखवत होता. माझे नव्वद, एकशे दहा, एक तर एकशे चाळीसच्याही वर. "लॅपटॉपचे आहेत," काका म्हणाले. "जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, सेल काढायचे, आवरण घालायचं, गरम हवा मारली की आवरण चापून बसतं. वजनात काय फरक पडणार? सेल खराच आहे ना." माझ्याकडून त्यांनी चहाचेही पैसे घेतले नाहीत.

जुन्या लॅपटॉपच्या सेलना माझा विरोध नाही. कित्येक जण ते मोजून, निवडून वापरतात आणि जुने म्हणूनच घेतात. पण भंगारात पडून असलेल्या सेलचं व्होल्टेज कधीकधी फार खाली गेलेलं असतं. तसं झालं की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमतं. सेलच्या पोटात शॉर्ट होण्याचं हे एक कारण. वरून पुन्हा ३.६ व्होल्ट भरून दिले की मल्टीमीटरला यातलं काही दिसत नाही. असे सेल मी बाबांच्या सीटखाली बसवणार होते. घरात ते समजलं तेव्हा आईने दोन दिवस माझ्या बाल्कनीचं दार बाहेरून लावून घेतलं होतं, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

विकणाऱ्याला आकडे आणि फोटो पाठवले. पहिलं उत्तर, "मॅडम, चार्जर नीट सेट केलात का?" दुसरं, "मुदत संपली." तिसरं, "टॅब तुम्ही उचकटलीत, आता वॉरंटी राहिली नाही." म्हणजे पुरावा ज्या पट्टीखाली आहे ती काढली की हक्क गेला. त्यानंतर ब्लॉक. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वरही. दोन्हीकडे क्रमांक मिळाले. अडचण बिलाची आहे. यूपीआयची नोंद आणि चॅट मी जोडलं आहे, पण पैसे ज्याच्या खात्यात गेले तो माणूस आणि पान चालवणारा माणूस एकच, हे दाखवायचं कसं? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तिथे जायचा विचार आहे. १८ टक्के, म्हणजे दीड हजार रुपये जास्तीचे, मोजून बिल घेतलं असतं तर आज समोर निदान एक नाव आणि पत्ता असता.

आता सेल घेताना मी उघड्या टोकांचेच घेते, टॅब असलेले नाही. दोन्ही टोकांचे जवळून फोटो आधी मागते. आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासते. क्रमांक खरा निघाला म्हणून निश्चिंत होत नाही, कारण आवरणावर काहीही छापता येतं. एकदम चाळीस न घेता आधी चार मागवते, एका खोलगट ताटलीत आवरण कापून पाहते आणि मोजूनच बाकीचे घेते. चार सेलची क्षमता एका रात्रीत कळते. रेझिस्टन्स मोजणारा मीटर आता माझ्या फळीवर आहे. गेलेल्या रकमेच्या मानाने तो फारच थोडक्यात आला.

ते पान मध्यंतरी बंद झालं आणि नव्या नावाने सुरू झालं. टेबल तेच, काटाही तोच. भावजयीच्या फोनवरून मी विचारलं, टॅब न लावलेले ४० सेल मिळतील का, भाव वाढवून घ्या हवा तर. उत्तर लगेच आलं, "नाही मॅडम, आमच्याकडे कंपनीतूनच टॅबसहित येतात."