ड्वार्फ फोर्ट्रेस: शकावली गेम देतो, बखर आपण लिहायची

हा गेम चालू केल्यावर पहिली काही मिनिटं तुम्ही खेळतच नाही, नुसतं बघत बसता. नवीन जग बनवा म्हटलं की नकाशा उमटायला लागतो. जमिनीची उंची, पाऊस, तापमान, पाण्याचा निचरा हे सगळं आधी ठरतं, मग नद्या डोंगर झिजवत खाली उतरतात, डोंगराच्या एका अंगाला धो धो पाऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरडं, म्हणजे आपल्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे होतं अगदी तसंच. आणि मग वर्षं पळायला लागतात. वर्ष ५, वर्ष २०, वर्ष ६०... गावं वसतात, लढाया होतात, कुठला तरी ड्रॅगन एखादं शहर उजाड करतो, कोणीतरी मरणाची विद्या शिकून मुडदे उठवायला लागतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा चहा गार झाला होता आणि मी अजून एक बटणही दाबलं नव्हतं.

यातलं काहीही कोणी लिहून ठेवलेलं नाही, हे आधी नीट समजून घ्या. कथा लिहिणारा लेखक नाहीये. नियम लिहिलेत, बाकी सगळं त्या नियमांतून घडतं, आणि तुमचं जग फक्त तुमचं असतं.

थोडी मागची माहिती. टार्न आणि झॅक अॅडम्स हे दोघे अमेरिकन भाऊ २००२ पासून यावर काम करतायत, पहिली आवृत्ती २००६ मध्ये लोकांना मिळाली. टार्न स्टॅनफर्डचा गणितातला पीएचडी, विद्यापीठातलं काम सोडून यात पडला आणि पुढची कितीतरी वर्षं दोघं भाऊ निव्वळ लोकांच्या देणग्यांवर जगले, गेम फुकट होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमनं तो त्यांच्या संग्रहात घेतला. मग घरातल्या आजारपणामुळे दवाखान्याच्या खर्चाची काळजी उभी राहिली तेव्हा त्यांनी विकायची आवृत्ती काढायचं ठरवलं, आणि ६ डिसेंबर २०२२ ला किटफॉक्स या प्रकाशक कंपनीतर्फे ती स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, आली. जुनी, नुसत्या अक्षरांची आणि चिन्हांची आवृत्ती अजूनही फुकट मिळते. मी ज्याबद्दल लिहितोय ती स्टीमवाली, चित्रं आणि माउसवाली.

खेळायचं काय, तर सात बुटके (म्हणजे नावातले ड्वार्फ) घेऊन डोंगरात जायचं, खणायचं, शेती लावायची, दारू गाळायची (बुटक्यांना दारू लागतेच, नाहीतर कामं मंदावतात), आणि किल्ला उभा करायचा. तुम्ही कोणालाही हाताला धरून चालवत नाही. काम सांगता, ते आपापल्या मनाप्रमाणे करतात. प्रत्येकाला आवडीनिवडी आहेत, देव आहेत, मित्र आहेत, कोणाचं मूल गेलं तर तो वर्षानुवर्षं ते आठवून खचतो. मधेच एखाद्याला काहीतरी घडवायचा झटका येतो, तो कारखाना बळकावून बसतो, ठरावीक दगड, हाडं, कापड मागतो, मिळालं तर आयुष्यातली सगळ्यात सुंदर वस्तू बनवतो आणि नाही मिळालं तर वेडा होतो.

एकात एक नियम अडकले की काय होतं याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मांजरांचं. २०१५ च्या शेवटी गेममध्ये दारूचे गुत्ते आले आणि लोकांच्या किल्ल्यात मांजरं पटापट मरायला लागली. शोधल्यावर कळलं की बुटके दारू सांडतात, मांजर त्यातून चालतं, पंजे चाटून साफ करतं, आणि हिशोबातल्या एका चुकीमुळे प्रत्येक चाटण्याला अख्ख्या पेल्याएवढी दारू पोटात जाते. मांजर मरावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सांडणं, चालणं, चाटणं आणि चढणं हे चार वेगवेगळे नियम एकमेकांना भेटले एवढंच. मला या गेमबद्दल जे वाटतं ते सगळं या एका गोष्टीत आहे.

आता माझ्या किल्ल्याचं सांगतो, कारण त्याशिवाय हे परीक्षण अर्धवट राहील. शंभर वर्षांच्या इतिहासाचं छोटं जग होतं. दुसऱ्या वर्षी वसंतात स्थलांतरित आले त्यात सिब्रेक नावाची चीज बनवणारी बाई होती. शांत, कामसू, बऱ्याच जणांशी मैत्री झालेली. पुढे ती गावाची महापौर पण झाली आणि मला बरंच वाटलं. मग एका हिवाळ्यात एक खाणकामगार त्याच्याच पलंगात मेलेला सापडला, अंगात रक्ताचा थेंब नाही. दोन महिन्यांनी दुसरा, त्यानंतर एक लहान मूल. किल्ल्यात रक्तपिपासू शिरलाय एवढं कळलं पण कोण ते कळेना. मी कोतवालाला चौकशा करायला लावल्या, दोन निरपराधांना शिक्षा झाली, त्यातल्या एकाची बायको आजही जेवणघरात आली की तिला त्याची आठवण येते असं तिच्या विचारांत दिसतं. ते वाचायला अजून जड जातं.

शेवटी मी किल्ला निवृत्त केला आणि लेजेंड्स मोड उघडला. चालू किल्ल्यातून तो उघडता येत नाही, म्हणून खेळ सोडावा लागतो. लेजेंड्स म्हणजे त्या जगाचा सगळा इतिहास, प्रत्येक माणसाची, गावाची, वस्तूची नोंद. आणि नोंदी कशा, तर अमुक साली अमुक जन्मला, तमुक साली तमक्या गावी राहायला गेला, अमुकच्या लढाईत तमुकाला मारलं, संपलं. ज्यांनी जुन्या शकावल्या वाचल्यात त्यांना ही चव लगेच ओळखू येईल. तिथी, गाव, नाव, घटना. का, कसं, कोणाला काय वाटलं, एक शब्द नाही.

आणि त्या कोरड्या नोंदींत मला ती सापडली. खरं नाव लिकोत. वर्ष ३८ मध्ये एका शहरातलं देऊळ तिनं विटाळलं, देवीनं शाप दिला, रात्री रक्त शोधत फिरशील. त्यानंतर साठ वर्षांत पाच गावं आणि पाच नावं, सिब्रेक हे शेवटचं. प्रत्येक गाव सोडण्याआधी मृत्यूच्या नोंदी. शाप लागला तेव्हा तिला नवरा होता आणि दोन मुलं होती, ती सगळी नंतर मेली आणि ही राहिली. हे वाचल्यावर मी बराच वेळ काही केलं नाही.

पण खरा धक्का पुढे. मला आठवलं की माझ्या दोमास नावाच्या कोरीवकाम करणाऱ्यानं जेवणघराच्या भिंतीवर चित्रं कोरली होती, आणि हे लोक बऱ्याचदा जगाच्या इतिहासातल्या खऱ्या घटना कोरतात. किल्ला परत चालू करून मी एकेक चित्र वाचत गेलो. पूर्वेच्या भिंतीवर देवी आणि एक बुटकी बाई, खाली लिहिलेलं, हे चित्र वर्ष ३८ मधल्या लिकोतच्या शापाचं आहे. सहा वर्षं ती त्याच भिंतीपाशी बसत होती. दोमासला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, तिला माहीत होतं. आणि तिथे बसून तिनं कधीच काही खाल्लं नाही, हेही मला तेव्हाच लक्षात आलं.

गेमनं मला यातलं काय दिलं? तीन-चार नोंदी आणि एक भिंत. ती त्या चित्राखाली बसून काय विचार करत असेल ते गेममध्ये कुठेच नाही, ते मी जोडलं. शकावली त्यांची, बखर माझी. आणि नोंदी खऱ्या असल्यामुळे, म्हणजे त्या जगात खरंच तसं घडलेलं असल्यामुळे, बखरीला वजन येतं.

याउलट वाट बघायची असेल तर केव्ह्ज ऑफ क्यूड हा दुसरा गेम घ्या, २०२४ च्या डिसेंबरात पूर्ण झाला. त्यात प्राचीन सुलतानांची चरित्रं बनतात पण तिथे घटना आधी निवडली जाते आणि कारण मागाहून चिकटवलं जातं, भाषा पोथीसारखी नटलेली. वाचायला क्यूड जास्त देखणा आहे, यात वादच नाही. पण सुलतानाची गोष्ट ऐकीव वाटते, सिब्रेकची मी भोगली. मला हा फरक फार मोठा वाटतो.

तक्रारी आहेतच. मेन्यू अजूनही खूप आहेत, शिकवणी येते पण ती जेमतेम पहिल्या वर्षापुरती. बुटके दीडशेच्या पुढे गेले की गेम रांगायला लागतो, जुन्या लॅपटॉपवर तर फारच, म्हणून जग छोटं आणि इतिहास कमी ठेवा. सगळं इंग्रजीत आणि वाचायला प्रचंड, ज्याला वाचायचा कंटाळा त्यानं घेऊ नये. लढाईच्या वर्णनात कुठला स्नायू तुटला इथपर्यंत तपशील येतो, लहान मुलांसमोर नको. संगीत मात्र सुंदर आहे, काही गाणी बुटक्यांच्या भाषेत आहेत. एकट्यानं फिरायचा अॅडव्हेंचर मोड आता स्टीमवरही आलाय, त्यात आपणच बांधलेल्या जुन्या किल्ल्यात पाहुणा म्हणून जाता येतं.

किंमत तीस डॉलरच्या आसपास, सेलमध्ये कमी होते. घाबरत असाल तर आधी फुकटवाली उतरवून नुसतं एक जग बनवा आणि लेजेंड्स वाचा, किल्ला नाही बांधला तरी चालेल.

सिब्रेकला मी मारलं नाही. तळघरात एक खोली खणली, खुर्ची ठेवली, तिला हिशेबनीस नेमलं आणि ती आत गेल्यावर दरवाज्याच्या जागी भिंत घातली. तिला अन्न लागत नाही, पाणी लागत नाही. धान्य, दारू, दगड, सगळ्याची मोजणी तीच ठेवते. दोमास मागच्या वर्षी म्हातारा होऊन गेला, पूर्वेची भिंत तशीच आहे.